नंबर असताना गळाच्या मासेमारीसाठी पोलराइज्ड गॉगल कसा निवडावा?

मुठाकाठ (प्रश्न):

नमस्कार. मी कर्वेनगरला राहतो आणि गेली 6 वर्षे सुट्टीच्या दिवशी पवना आणि मुळशीच्या बॅकवॉटरला गळ घेऊन जातो. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे 4.25 आणि डाव्याचा उणे 3.75 आहे, दोन्हीकडे थोडा सिलिंडर (एका ठरावीक दिशेतच लागणारा नंबर) आहे, आणि पन्नाशीनंतर जवळचा अधिक 2.00 लागला आहे. रोज प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर) वापरतो. त्यावर अडकवायची पोलराइज्ड क्लिप गेल्या रविवारी गळ फेकताना पाण्यात पडली, म्हणून आता नंबरचाच पोलराइज्ड गॉगल करून घ्यायचे ठरवले आहे. दुकानात मला पोलराइज्ड भिंगही प्रोग्रेसिव्हच घ्या असे सुचवले. ते योग्य आहे का, आणि भिंगाचा रंग व फ्रेम कोणती असावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

नजर_कोथरूड:

डोळे तपासणे हा माझा व्यवसाय आहे आणि गळाची आवडही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या बाबतीत मी प्रोग्रेसिव्ह घेऊ नका असेच सांगेन.

पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेत ध्रुवीकृत, म्हणजे आडवा कंप पावणारा असतो, आणि पोलराइज्ड भिंगातील पापुद्रा तो आडवा प्रकाश अडवतो. परंतु ही चकाकी सर्वांत पूर्णपणे कापली जाते ती नजर क्षितिजापासून सुमारे 37 अंश खाली असताना. तुमचे डोळे पाण्यापासून 1.7 मीटर उंच असतील, तर ती जागा तुमच्यापासून जेमतेम सव्वादोन मीटरवर येते. त्यापुढे जसजसे लांब पाहाल तसतसा परिणाम कमी होत जातो. म्हणजे काठाजवळचा तळ आणि उथळ पाण्यातला मासा पाहण्यासाठी नजर खाली जाणार, आणि प्रोग्रेसिव्ह भिंगात नेमका तिथेच जवळचा नंबर असतो. अधिक 2.00 च्या त्या भागातून अर्ध्या मीटरपलीकडचे सगळे धूसर दिसते. चकाकी गेली तरी मासा अस्पष्टच राहील, किंवा दर वेळी हनुवटी छातीला लावून पाहावे लागेल.

म्हणून फक्त लांबच्या नंबरची भिंगे घ्यावीत. गाठ मारणे आणि गळाच्या डोळ्यात दोरा ओवणे कसे जमेल, ही काळजी तुम्हाला करावी लागणार नाही, कारण उणे 4 च्या आसपास नंबर असलेल्या माणसाने चष्मा काढला की साधारण 25 सेंटिमीटरवरचे विनाचष्मा दिसते. चष्म्याला मागून दोरी लावा, गाठीच्या वेळी तो छातीवर सोडा आणि गळ फेकण्यापूर्वी न विसरता पुन्हा डोळ्यांवर चढवा. ज्यांना फक्त जवळचाच नंबर आहे, त्यांना मात्र हा उपाय लागू नाही. त्यांनी खाली लहानशी खिडकी असलेले बायफोकल पाहावे.

भिंग पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या सहजी न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचे घ्यावे. फेकताना शिसे किंवा गळ उलटून तोंडावर आला, तर काच फुटू नये हे महत्त्वाचे आहे. पॉलिकार्बोनेट पातळ होते, पण कडेने पाहताना रंगांच्या किनारी जाणवू शकतात. ट्रायव्हेक्स किंचित जाड, पण अधिक स्वच्छ दिसते. चेहऱ्याभोवती फार वळणाऱ्या फ्रेमचा मोह टाळावा, कारण तुमच्या नंबरला त्या वळणात कडेचे दृश्य वाकडे होते. मध्यम वळणाची, जाड दांड्यांची फ्रेम बाजूचा उजेड पुरेसा अडवते. भिंगाच्या आतल्या बाजूला परावर्तनरोधक लेप मागून घ्या, नाहीतर पाठीमागचे ऊन त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यात येते.

पवनाकाठ:

वरील प्रतिसाद मोलाचा आहे. रंगाबद्दल माझा अनुभव सांगतो. उघड्या पाण्यावर भर दुपारी राखाडी भिंग डोळ्यांना शांत वाटते आणि रंगही खरे दिसतात. परंतु काठावरच्या उथळ पाण्यात दगड, शेवाळ आणि चिलापीची पाठ वेगळी ओळखायची असेल, तर तपकिरी किंवा तांबूस भिंग सरस ठरते. एकच घ्यायचे तर मी तपकिरी घेईन. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की कोणत्याही रंगाचा उपयोग नाही, कारण तेव्हा अडचण चकाकीची नसून गाळाची असते.

एक इशारा मात्र अवश्य द्यावासा वाटतो. सिलिंडर असलेल्या डोळ्यासाठी भिंग कापताना सिलिंडरचा अक्ष आणि पोलराइज्ड पापुद्र्याची दिशा, दोन्ही एकाच वेळी जुळवावी लागतात. पेठेतल्या एका दुकानातून मी करून घेतलेल्या गॉगलमध्ये उजव्या भिंगाची दिशा तिरकी बसली होती. डाव्या डोळ्याला तळाचे दगड दिसत आणि उजव्याला आभाळाची पांढरी झाक, त्यामुळे तासाभरात कपाळ ठणकू लागे. नंबर बरोबर असल्याने दोष कशात आहे हे मला तीन फेऱ्या होईपर्यंत उमगले नाही.

त्यामुळे गॉगल ताब्यात घेताना दुकानाबाहेर या आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवरची चकाकी एकेका डोळ्याने पाहा. मान सरळ असताना दोन्ही भिंगांतून ती सारखीच मंदावली पाहिजे. एकीकडे मान कलती केल्यावरच मंदावत असेल, तर तेथेच परत द्या.

भिगवणवारी:

कॉन्टॅक्ट लेन्स लावून वर साधा पोलराइज्ड गॉगल वापरण्याचा पर्याय कोणी सांगितला नाही. तसे केल्यास चालेल का?

नजर_कोथरूड:

दृष्टीच्या बाबतीत तो पर्याय उत्तम आहे, परंतु धरणाच्या पाण्याने ओले झालेले हात डोळ्याला लावणे धोक्याचे आहे. अशा पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव लेन्स वापरणाऱ्यांच्या बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतो. लेन्स घरूनच लावून निघावे, काठावर तिला हात लावू नये आणि पाणी उडण्याची शक्यता असेल त्या दिवशी चष्माच वापरावा.

मुठाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. लांबच्या नंबरची, पॉलिकार्बोनेटची तपकिरी भिंगे सांगून आलो आहे. संध्याकाळी पौड रस्त्याने गाडी चालवत परतताना हाच गॉगल चालेल का, एवढी एक शंका उरली आहे.

नजर_कोथरूड:

ऊन असेपर्यंत गडदपणाच्या श्रेणी 3 चे भिंग गाडी चालवताना चालते. त्यातून 8 ते 18 टक्के प्रकाश आत येतो. त्याहून गडद श्रेणी 4 चे मात्र कधीही नको. सूर्य मावळला की नेहमीचा चष्मा लावा, म्हणजे तो डबीत सोबत असू द्या. आणि गॉगल गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. उष्णतेने आतला पापुद्रा सुटू लागतो.