ढलप्या का उडतात

एकाने विचारलंय की लाकडी खुर्चीच्या पाठीवर फूल कोरताना पाकळीची एक बाजू गुळगुळीत निघते, दुसऱ्या बाजूच्या ढलप्या उडतात, तर पटाशी, म्हणजे कोरायचं धारदार हत्यार, बदलावी का. धार लावून बघाच, पण मूळ दुखणं रेषांचं, म्हणजे लाकडाचे तंतू कुठल्या दिशेने जातात त्याचं आहे. वळण अर्ध्यावर गेलं की पटाशी लाकडाच्या रेषांच्या उलट जायला लागते. तिथे रेटू नका, समोरच्या बाजूने कोरत या. शिसवात तर रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ठोकणं कमी, पातळ पापुद्रे काढणं जास्त. आणि हो, कोरून पूर्ण होईपर्यंत पॉलिश पेपर लावूच नका! त्याचे कण लाकडात रुततात आणि पटाशीची धार खातात. शिवाय पाकळीच्या कडा झिजून नक्षी वापरलेल्या साबणासारखी दिसते.