बाईचं संशोधन सांगा, नुसते तिचे हाल नकोत

गणितवाली (जुळे सोलापूर)
ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी एडा लव्हलेस दिन असतो. एडा म्हणजे एकोणिसाव्या शतकातली इंग्रज गणिती. २००९ साली सुरू झाला. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या एखाद्या बाईबद्दल त्या दिवशी प्रत्येकाने लिहायचं, ही मूळ कल्पना. सोलापुरात आपण सगळ्यांनी मराठीतून लिहावं असं मला मनापासून वाटतं. अट एकच: तिने काय सोसलं याला एक परिच्छेद, बाकी सगळा लेख तिच्या कामावर.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची एकच गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, मग वर्षभर काम पारखून बघू या अटीवर घेतलं. बरं, पुढे? केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनातलं प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं. म्हणजे आपल्या श्वसनातला एक दुवा झाडापाल्यातही आहे! १९३९ ची पीएच.डी. त्यावरची. पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं. हे कोणत्या भाषणात ऐकलंत? आनंदीबाई जोशींचं तेच. एकविसाव्या वर्षी गेल्या, इथे गोष्ट संपते. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता, हे कुणी सांगत नाही. ऐकणारी दहावीतली मुलगी शिकते काय, तर शास्त्र म्हणजे सोसणं.

एडा तर आपल्या गावाला फार जवळची. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितीच्या नियोजित गणनयंत्रावर तिने १८४३ साली टिपणं लिहिली. जकार्ड माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, असं त्यात म्हटलंय. आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवरच उठते. हा माग भोकं पाडलेल्या कार्डांवर चालतो. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच. हो किंवा नाही, एवढ्यावर अख्खा मोर विणून होतो. मागवाल्याच्या मुलीला प्रोग्रॅमिंग शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

हुरडा
ताई, एका परिच्छेदाची अट मला पटत नाही. हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी या बाई घ्या. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर काम केलं, शोधनिबंध छापून आले, प्रबंध लिहून दिला. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. हे थोडक्यात उरकलं तर वाचणाऱ्याला वाटेल, आजही असले नियम आड येत नाहीत. माझ्या बहिणीचं संशोधन कागदपत्रांपायीच अर्धवट राहिलं. तिच्यासाठी तो अन्याय म्हणजे आख्खा लेख आहे. हाल झाकले तर ज्यांनी ते केले ते मोकळे सुटतात.

माळढोक
माझा वेगळ्या दिवसालाच विरोध आहे. 'महिला शास्त्रज्ञ' अशी पाटी लावली की ती बाई कायमची त्या रांगेत बसते. मग वर्षातून एकदा सत्कार, शाल, नारळ. आपल्या जिल्ह्यात उसाचे एवढे कारखाने. उसाचा धडा शिकवताना वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं हे सांगा की. तिथे नाव आलं तर मुलगेही ऐकतील. शिवाय टिपणांतलं एडाचं किती आणि बॅबेजचं किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तिला दिवसाचं दैवत कशाला करायचं?

पूर्वभाग
मी सरळच विचारतो. आमच्या गल्लीत आई विड्या वळते आणि पोरगी अकरावी सायन्सला आहे. तिला लेख देणार का प्रयोगशाळा? कॉलेजातल्या लॅबचं कुलूप परीक्षेच्या तोंडावर उघडतं. घरी बसायला कोपरा नाही, आईची हजार विडी पुरी व्हायला हिचाही हात लागतो. गौरव करणाऱ्यांनी आधी त्या कुलपाचं बघावं.

गणितवाली (जुळे सोलापूर)
हुरडा, मणींचा अन्याय सांगायलाच हवा, पण त्यांना तिथेच थांबवू नका. १९४८ ला त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. पर्जन्यमापकापासून सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजण्याच्या उपकरणांपर्यंत कितीतरी साधनं देशातच घडावीत म्हणून झटल्या. देशभरातल्या सौर प्रारणाच्या नोंदींचं त्यांचं हस्तपुस्तक १९८० चं. आपलं ऊन इतकं कडक, गच्च्यांवर सोलर बसतंय आणि ऊन मोजायची घडी इथे कुणी बसवली हे नववीच्या वर्गात एकालाही माहीत नाही. मला त्याचा राग येतो.

माळढोक, धड्यात नाव येण्याची वाट बघत मी पंधरा वर्षं शिकवतेय. दिवस असला की निदान त्या मंगळवारी मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत.

पूर्वभाग, तुमचं कुलूप खरं आहे. पण आत काय आहे हेच जिला ठाऊक नाही, ती किल्ली मागणार कशी?

माळढोक
मुख्याध्यापकांचं मान्य. वेगळ्या रांगेचं नाही.

पूर्वभाग
ती मागते ओ ताई, तिला कुणी देत नाही. लॅबसाठी पालकांच्या सह्या घेऊन प्राचार्यांकडे जायचंय. पहिली सही तुमची करा, मग तुमच्या मंगळवारसाठी मी येतो. जकार्ड आमच्या चुलत्यांकडे चालू आहे. पोरींना जेवणाच्या सुट्टीत आणा. माग चालू असला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि कार्ड हातात घेऊन बघायचं तर तो थांबलेलाच पाहिजे.