अनुभव धागा : पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' आज पुन्हा खेळताना

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' हा व्हिडिओ गेम २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये 'बायोहॅझर्ड' या नावाने प्लेस्टेशनवर आला. त्याची सुरुवात १९८९ मधील 'स्वीट होम' या निन्टेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलवरील गेमला नवे रूप देण्याच्या कल्पनेतून झाली होती. तो जुना गेम ज्यांनी दिग्दर्शित केला, ते तोकुरो फुजिवारा या वेळी निर्माते झाले आणि दिग्दर्शन शिंजी मिकामी यांच्याकडे आले. रॅकून सिटीबाहेरच्या आर्कले डोंगरातील स्पेन्सर वाडा, जुलै १९९८ मधील एक रात्र आणि त्या वाड्यात अडकलेले 'स्टार्स' या विशेष पोलीस पथकाचे सदस्य, एवढ्या भांडवलावर हा गेम उभा आहे.

त्याच्याविषयी दोन टोकाची मते नेहमी ऐकू येतात. काहींना त्याचे कंट्रोल्स, कॅमेरा आणि सेव्ह करण्याची पद्धत ही निव्वळ जुनी अडगळ वाटते, तर काहींच्या मते त्यातील एकही गोष्ट बदलली तर भीतीच उरणार नाही. मला दोन्ही मते ढोबळ वाटतात. हा गेम घाबरवतो तो हिशोबाने: गोळ्या किती उरल्या, औषधी वनस्पती किती, टाइपरायटरवर गेम सेव्ह करायला लागणाऱ्या इंक रिबन किती, आणि समोरचा बोळ ओलांडण्यासाठी त्यांतले काय खर्ची घालायचे. हा हिशोब खेळणाऱ्याला मांडता येतो तोवर गेममधील गैरसोयीसुद्धा भीतीला पूरक ठरतात. जिथे गेम जमाखर्चाची वहीच दडवून ठेवतो तिथे त्याच्या त्रुटी सुरू होतात.

आपण हा गेम कोणत्या आवृत्तीत खेळलात, काय मनात ठसले आणि काय खटकले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. मूळ गेम, १९९७ चा 'डिरेक्टर्स कट', २००२ चा गेमक्यूबवरील रिमेक आणि २०१५ मध्ये आलेले त्याचे एचडी रूप, यांपैकी कशाहीबद्दल लिहिले तरी चालेल. कथानकातील रहस्ये उघड होणार आहेत, याची नव्या वाचकांनी नोंद घ्यावी.

*

डोंबिवलीहून

आमच्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्लेस्टेशन घरी असणे ही चैन होती, त्यामुळे हा गेम मी स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाच्या दराने खेळलो. धागाकर्त्यांनी म्हटलेल्या हिशोबात तिथे आणखी एका रकान्याची भर पडत असे, ती म्हणजे घड्याळाची. टाइपरायटर सापडला, खिशात रिबनही आहे, पण तास संपत आला आहे आणि पार्लरच्या सामाईक मेमरी कार्डावरचा आपला सेव्ह उद्यापर्यंत कोणी पुसून टाकणार नाही याची खात्री नाही, अशा अवस्थेत आम्ही तो वाडा पाहिला. दर वेळी दार उघडतानाचे ते संथ दृश्य काळ्या पडद्यावर येई तेव्हा मागे उभी असलेली मुले हसत, कारण ती दारे आमच्याच पैशांनी उघडत होती.

तरीही त्या गर्दीत आणि गोंगाटात भीती वाटत असे, हे मला आजही विशेष वाटते. पूर्वेकडच्या बोळात खिडकीची काच फोडून कुत्रा आत उडी घेतो त्या क्षणी फायटिंग गेम खेळणारी पलीकडची जोडीसुद्धा थबकून इकडे पाहू लागे. खटकलेली गोष्ट विचाराल, तर चाकू. गोळ्या संपल्यावर शेवटचा आधार म्हणून तो हाती दिलेला आहे, परंतु मूळ गेममध्ये त्याने एका झोंबीला आडवे करायला जावे तर तेवढ्यात आपणच आडवे होतो.

*

पुण्याहून, व्यवसाय संगणक अभियंता

दारांच्या त्या दृश्याची बाजू घ्यायला हवी. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ एमबी आणि चित्रांसाठीची मेमरी १ एमबी होती, तर सीडी ड्राइव्ह दुप्पट वेगाचा. एका खोलीतून दुसरीत जाताना नवी माहिती सीडीवरून वाचावीच लागणार होती. तो वेळ 'लोडिंग' असे कोरडे अक्षर दाखवून घालवण्याऐवजी खेळणाऱ्याला दारासमोर उभे करून, पलीकडे काय असेल याचा विचार करायला लावणे, ही तांत्रिक मर्यादेची सर्वांत हुशार वसुली मी पाहिली आहे. दारापलीकडे झोंबी येत नाहीत, हेही आपण नकळत शिकतो आणि दार म्हणजे सुटका असे समीकरण मनात पक्के होते.

हे समीकरण गेम पुढे जाणीवपूर्वक मोडतो, आणि मूळ गेममधील सर्वोत्तम क्षण मी त्यालाच मानतो. पहारेकऱ्यांच्या निवासातून आपण वाड्यात परततो तेव्हा एक दृश्य लागते: कोणीतरी आपल्याच वाटेने, जमिनीलगत, वेगाने धावत येत आहे, आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत आहोत आणि ते दारे उघडत येत आहे. हा हंटर नावाचा राक्षसी प्राणी. तोवर ओळखीचा आणि बराचसा मोकळा केलेला वाडा एका दृश्यात पुन्हा परका होतो. शिवाय त्याची एक झडप शिर धडावेगळे करू शकते, म्हणजे 'थोडी इजा सोसून निसटून जाऊ' हा आतापर्यंतचा व्यवहारही बंद होतो.

कंट्रोल्सविषयीही थोडे लिहितो. पार्श्वभूमी आधीच तयार केलेल्या स्थिर चित्रांची असल्याने कॅमेरा हलू शकत नाही, तो फक्त एका कोनातून दुसऱ्यावर उडी मारतो. अशी उडी झाल्यावर दिशा पडद्याप्रमाणे ठरत असत्या, तर पुढे धावणारा माणूस अचानक उलटा फिरला असता. वर दाबले की पात्राच्या नाकासमोर, ही टँकसारखी पद्धत त्यासाठीच आहे, आणि १९९२ च्या 'अलोन इन द डार्क'मध्येही ती होती. माझी तक्रार कंट्रोल्सबद्दल नसून काही कोनांबद्दल आहे. झोंबी पात्राच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर उभा असावा आणि तो केवळ कॅमेऱ्याच्या कोनामुळे आपल्याला दिसू नये, याला भीती म्हणता येत नाही. अमेरिकी आवृत्तीत आपोआप नेम धरण्याची सोयही काढून टाकलेली असल्याने तिथे हा दोष अधिकच बोचतो.

*

ओसाकाहून

कॅपकॉमच्याच शहरात नोकरीनिमित्त राहत असल्याने जपानी आवृत्ती सहज मिळाली. संवाद जपानी असतील या अपेक्षेने मी ती लावली, परंतु मूळ जपानी आवृत्तीतही आवाज इंग्रजीच आहेत आणि खाली जपानी उपशीर्षके येतात. म्हणजे ज्या अभिनयाची तीस वर्षे थट्टा होत आली आहे, तो जपानी खेळाडूंनीही तसाच ऐकला. पथकातल्या बॅरी बर्टनचे संवाद ऐकून हसू येते आणि त्या हसण्यामुळे पथकप्रमुख वेस्करच्या विश्वासघाताचे वजन हलके होते, हा दोष मान्य करायलाच हवा. सुरुवातीच्या चित्रफितीतील खऱ्या नटांबद्दल काही न लिहिलेलेच बरे.

मात्र जिथे बोलणे थांबते आणि वाचणे सुरू होते, तिथे हाच गेम वेगळ्या उंचीवर जातो. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याची दैनंदिनी पाहावी. पत्त्यांच्या डावाने सुरू होणारी, साध्या बोलीतली ती नोंद अंगाच्या खाजेपर्यंत येते, मग वाक्ये तुटू लागतात, आणि शेवटी खाज व चव यांपलीकडे लिहिणाऱ्याजवळ काही उरत नाही. ती वाचून संपते तोच त्याच खोलीतील कपाटातून तो झोंबी होऊन बाहेर येतो. कोणताही अभिनय न करता सांगितलेली ही या गेममधली सर्वांत चांगली कथा आहे.

*

कोल्हापूरहून

आमच्या घरी कंट्रोलर दादाच्या हातात असे आणि नकाशाची वही माझ्या. कोणत्या दाराला कोणती किल्ली, कोणत्या खोलीत झोंबी जिवंत सोडला आहे, कुठली वनस्पती अजून तोडलेली नाही, हे मी लिहून ठेवत असे. त्यामुळे 'हिशोबाची भीती' हे वर्णन मला तंतोतंत पटते. पुढे स्वतः खेळले ती निवडता येणाऱ्या दोन पात्रांपैकी जिल व्हॅलेंटाइन म्हणून.

जिलला ८ वस्तू बाळगता येतात आणि दुसरे पात्र असलेल्या ख्रिस रेडफिल्डला ६. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पिस्तूल, गोळ्या, एक वनस्पती आणि रिबन घेतल्यावर जिलकडे चार जागा राहतात, तर ख्रिसकडे दोनच. त्यातही जिलजवळ कुलुपे उघडण्याचे साधन आहे आणि ख्रिसला लहान किल्ल्या गोळा करत फिरावे लागते, ज्या पुन्हा जागा अडवतात. छत खाली येणाऱ्या खोलीत शॉटगन उचलून जिल अडकली तर बॅरी दार तोडून तिला बाहेर काढतो. ख्रिसला आधी मोडकी शॉटगन शोधून तिथे टांगावी लागते. एकाच वाड्याचे हे दोन वेगवेगळे गेम आहेत आणि ती मोठीच खुबी आहे. परंतु पात्र निवडताना मूळ गेम याबद्दल चकार शब्द काढत नाही. पोस्टरवरच्या तगड्या तरुणाला पाहून नवखा खेळाडू ख्रिसला निवडतो, आणि कठीण वाट आपण निवडली आहे हे त्याला फार उशिरा कळते.

दुसरी तक्रार वस्तू ठेवण्याच्या पेटीची. एका पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या कोणत्याही पेटीतून निघते, ही सवलत गोड आहे. पण वस्तू जमिनीवर टाकता येत नसल्याने एका चौकोनी खाचेतल्या दगडासाठी तोच जिना, तोच बोळ, तेच कारंजे पुन्हा पुन्हा पार करावे लागते. पहिल्या खेपेला त्या बोळात धाकधूक असते, नंतर फक्त पायपीट उरते. २००२ च्या 'रेसिडेंट ईव्हिल झीरो'मध्ये पेट्या काढून वस्तू कुठेही टाकण्याची मुभा दिली गेली, तेव्हा पायपीट कमी होण्याऐवजी वाढली, हे मात्र प्रामाणिकपणे नमूद करते.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. शेवटी प्रयोगशाळेत कोंडलेल्या सहकाऱ्याला सोडवण्यासाठी ३ एमओ डिस्क (संगणकाच्या माहितीच्या तबकड्या) लागतात. त्या वाटेत कुठे कुठे विखुरलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे हे त्या दिसतात तेव्हा कळायला मार्ग नसतो. ज्या गोष्टीची किंमत सांगितलेलीच नाही तिची वसुली शेवटी करणे, याला मी कठीणपणा म्हणणार नाही.

*

पणजीहून, पियानो शिकवते

संगीताचा विषय निघाला नाही म्हणून लिहिते. टाइपरायटरच्या खोलीतील संगीत हे या गेमचे खरे औषध आहे. ते शांत आहे, पण निश्चिंत नाही. सूर स्थिरावतात असे वाटते तोच पुन्हा किंचित डळमळतात, जणू बाहेर जायचेच आहे याची आठवण द्यावी. बारमधील पियानोवर 'मूनलाइट सोनाटा' वाजवल्यावर गुप्त दार उघडते, तिथला तपशीलही मला आवडतो: जिलला ती येते, ख्रिसला येत नाही, आणि ख्रिसची सहकारी रिबेका चेंबर्सला ती आधी काही काळ घोटावी लागते. सराव हा कोड्याचा भाग असलेला गेम माझ्या विद्यार्थ्यांना मी कौतुकाने दाखवते.

१९९८ मध्ये 'डिरेक्टर्स कट'ची 'ड्युअल शॉक' आवृत्ती निघाली आणि तिच्यासाठी नवे संगीत वापरले गेले, ज्याचे श्रेय मामोरू सामुरागोची यांना दिलेले होते. त्यातील तळघराचा तुकडा एकदा तरी ऐकावा, कारण बेसूर तुतारीसारखे ते स्वर ऐकून भीती पार पळून जाते. सामुरागोची यांनी आपल्या नावावरच्या रचना ताकाशी निगाकी या दुसऱ्या संगीतकाराकडून लिहून घेतल्याचे प्रकरण २०१४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा या तुकड्याची चर्चा पुन्हा रंगली. मूळ संगीत ऐकायचे असेल तर ही आवृत्ती टाळावी.

*

बंगळुरूहून

माझी पिढी वेगळी आहे. मी २०१९ चा 'रेसिडेंट ईव्हिल २' चा रिमेक आधी खेळलो आणि मग मागे वळून पहिल्या भागाच्या एचडी रूपाकडे आलो. स्पष्ट लिहितो : मूळ १९९६ चा गेम मला भीतिदायक वाटला नाही, तो मला कुतूहलाची वस्तू वाटला. ठोकळेबाज चेहरे आणि उजळ, रंगीत खोल्या पाहून 'त्या काळी' हा शब्द जोडल्याशिवाय त्याची स्तुती करणे मला जमत नाही.

रिमेकचे तसे नाही. त्यात ठार केलेला झोंबी काही काळाने 'क्रिमझन हेड' होऊन अधिक वेगाने उठतो. त्याचे डोके उडवले किंवा त्याला रॉकेल ओतून जाळले तरच तो कायमचा संपतो, आणि रॉकेल मोजकेच मिळते. म्हणजे गोळी झाडणे हा खर्च नसून कर्ज काढणे ठरते. मूळ गेम पाठ असलेल्यांची खोडही त्यात काढली आहे. कुत्र्यांच्या बोळातून पहिल्यांदा जाताना काचेला फक्त तडा जातो आणि कुत्रे येतात ते नंतर, जेव्हा आपण निर्धास्त झालेलो असतो. एचडी रूपात कंट्रोल्सचा नवा पर्यायही आहे, मात्र कॅमेरा बदलताना स्टिक सोडली की दिशा फसते, आणि मग वर पुण्याच्या सदस्यांनी दिलेले स्पष्टीकरण हातांना कळते. मी पहिल्या तळघरानंतर जुन्याच पद्धतीकडे वळलो.

*

नागपूरहून

भीती संपल्यावर या गेमचे काय उरते, यावर कोणी लिहिलेले नाही. ३ तासांच्या आत गेम पूर्ण केल्यास अमर्याद रॉकेट लाँचर बक्षीस मिळतो, आणि त्या मागे लागल्यावर वाडा निव्वळ गणित होतो: कोणाला मारायचे, कोणाला वळसा घालायचा, कोणती दारे उघडायचीच नाहीत. गंमत अशी की इतरांना कंटाळवाणी वाटणारी पायपीट इथे सर्वांत रंजक ठरते, कारण प्रत्येक फेरी वाचवता येते. रिमेकमधील 'रिअल सर्व्हायव्हल' पद्धतीत पेट्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात. कोल्हापूरच्या ताईंनी ती त्यांच्या वहीसह जरूर खेळून पाहावी. प्रयोगशाळेच्या भागाचे मात्र मी कोणत्याही पद्धतीत समर्थन करू शकत नाही. वाड्याला स्वभाव आहे, त्या भूमिगत मजल्यांना फक्त गंजलेले जिने आहेत.

*

धागाकर्ता

प्रयोगशाळेबद्दल सहमत आहे. टायरंट या अखेरच्या राक्षसाशी होणारी शेवटची झुंजही हेलिकॉप्टरमधून रॉकेट लाँचर खाली पडेपर्यंत वेळ काढण्यापुरतीच असते. एमओ डिस्कविषयीचा आक्षेप मी स्वतः इतक्या नेमकेपणाने मांडला नसता. बंगळुरूच्या सदस्यांचे मूळ गेमबद्दलचे मत मला मान्य नाही, कारण त्या उजळ खोल्यांत लपायला जागा नसते आणि गोळ्यांचा हिशोब अंधाराशिवायही तितकाच लागू राहतो. पण तो वाद इथे पुढे चालू राहू द्यावा.

काही वाचकांनी कोणत्या आवृत्तीपासून सुरुवात करावी असे विचारले आहे. एचडी रूप पीसीवर आणि कन्सोलवर सहज मिळते, त्यात जिलला घेऊन सुरुवात करावी. मूळ १९९६ च्या गेमची पीसी आवृत्ती जून २०२४ पासून जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर आधुनिक संगणकांवर चालेल अशा रूपात उपलब्ध आहे. ज्यांनी सेगाच्या सॅटर्न कन्सोलवर हा गेम खेळला असेल, त्यांचा अनुभव अजून आलेला नाही. त्यांनी अवश्य लिहावे.