क्वास: बाटलीतला आणि टाकीतला
क्वास म्हणजे राय या धान्याचा पाव आंबवून केलेलं रशियन पेय. "क्वास म्हणजे नुसता गोड सोडा, आंबवल्याची चवच नाही" असं काहींचं मत असतं, ते बाटलीतल्या क्वासापुरतं मान्य. दुकानातला बराचसा क्वास पाश्चराइज केलेला आणि चांगलाच गोड असतो. पण तेवढ्यावरून अख्ख्या पेयाला मोडीत काढू नका. रशियात उन्हाळ्यात रस्त्याकडेला पिवळ्या टाक्यांतून सुटा क्वास विकतात. तो घ्या. आधी खरपूस भाजलेल्या राय-पावाचा वास येतो, मग जिभेच्या कडांना आंबटपणा लागतो आणि गोडी अगदी शेवटी.

घरी करणाऱ्यांनी बाटलीत तीन-चार मनुका टाकाव्यात. त्या फुगून वर तरंगल्या की बाटली लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर गॅसने झाकण उडतं. आणि आणखी एक गोष्ट: कमी गोड क्वास जेवणातही वापरतात. काकडी, मुळा, उकडलेला बटाटा, अंडं आणि भरपूर शेपू बारीक चिरायचा, वरून थंडगार क्वास ओतायचा आणि चमचाभर स्मेताना, म्हणजे आंबवलेली साय, घालायची. ही अक्रोश्का, म्हणजे एक थंड सूप. शेपूला नाक मुरडणाऱ्यांनीही ती जरूर खाऊन बघावी, त्याचा उग्रपणा क्वासात छान मुरतो.