राखीव की बदली? अमेरिकन फुटबॉलमधील ‘बॅकअप लाइनमन’

प्रश्न : एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमधील अशा खेळाडूंच्या वर्षभराच्या तयारीवरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘बॅकअप ऑफेन्सिव्ह लाइनमन’साठी मी ‘राखीव आक्रमक खेळाडू’ असे लिहिले, तर संपादकांनी ‘बदली खेळाडू’ असे सुचवले. यांपैकी योग्य काय? तसेच अशा खेळाडूंना ‘विकसित करणे’ म्हणावे का?

उत्तर : प्रथम ‘आक्रमक’ हा शब्द काढावा. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याच्या या पाच जणांचे, म्हणजे मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड आणि कडेचे टॅकल यांचे, काम क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्या खेळाडूला, वाचवणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणे हे असते. म्हणून ‘चढाईच्या संघाची संरक्षक फळी’ असे एकदा समजावून पुढे ‘लाइनमन’ हाच शब्द ठेवणे बरे.

‘राखीव’ म्हटले की बाकावर बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, पण 53 जणांच्या संघात प्रत्येक जागेसाठी वेगळा पर्यायी लाइनमन ठेवणे परवडत नसल्यामुळे एकालाच दोन-तीन जागा शिकाव्या लागतात. ‘स्विंग टॅकल’ हा दोन्ही कडा सांभाळतो, आणि डावीकडून उजवीकडे जाताना त्याला मागचा पाय, पहिले पाऊल आणि हातांची सवय असे सारेच उलटे करावे लागते. पर्यायी गार्डने सेंटरचे कामही शिकावे, अशी अपेक्षा बहुधा असते. सेंटरने पायांमधून चेंडू मागे सोडल्याक्षणी समोरच्याला थोपवण्यासाठी हात वर आलेले असावे लागतात. त्यातच लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील 2011च्या करारानुसार नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून होणारे सराव 14वर मर्यादित झाले आणि त्यांतीलही बहुतेक वेळ पहिल्या पाच जणांना मिळतो. गिरण्यांच्या काळातला ‘बदली कामगार’ ज्या खात्यात माणूस कमी असेल तिथे उभा राहायचा. तो अर्थ येथे चपखल बसतो.

‘विकसित करणे’ मात्र भूखंडांसाठी ठेवावे. खेळाडू ‘घडवतात’. फिलाडेल्फिया ईगल्स संघाने 2018च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, सातव्या फेरीत निवडलेला जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचा खेळाडू अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांच्या हाताखाली तो तयार होत राहिला, 2020मध्ये प्रथम नियमित हंगामातील सामन्यात उतरला आणि 2021मध्ये, पहिल्या फेरीत निवडलेल्या आंद्रे डिलार्डला मागे टाकून, डावा टॅकल म्हणून कायम झाला.

प्रतिसाद : विवेचन पटले, पण ‘बदली लाइनमन’ असा मथळा वाचून आजचा वाचक त्याची दुसऱ्या संघात बदली झाली असेच समजेल, कारण गिरण्यांबरोबर तो अर्थही मागे पडला. शिवाय ‘बदली’ हे सामन्यातले काम आहे, ‘राखीव’ हे संघातले स्थान. ऑक्टोबर 2017मध्ये ईगल्सचा डावा टॅकल जेसन पीटर्स जायबंदी झाल्यावर वायटाय हा राखीव टॅकल त्याच्या जागी बदली म्हणून उतरला, आणि पुढे पॅट्रियट्सविरुद्ध 41-33 असा जिंकलेला सुपर बोल हा अंतिम सामनाही तोच डावीकडे खेळला. या एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत. तुमच्या लेखाचा विषय वर्षभराची तयारी हा असल्यामुळे मी ‘राखीव लाइनमन घडवताना’ असे लिहीन.