मुलाच्या कलाने म्हणजे मोकाट नव्हे

'मुलाच्या कलाने शिकवायचं तर मग बाईंचं काम काय?' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. बाईंचं काम उलट वाढतं, फक्त ते आधी होतं आणि दिसत नाही.

१९०७ साली रोममध्ये इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हा मुलांचं शिकायचं साहित्य कुलूपबंद कपाटात असे आणि बाई ते वाटत. एकदा कपाट उघडं राहिलं. बाई उशिरा पोचल्या, तोवर मुलांनी हवं ते काढून काम सुरूही केलं होतं. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना त्यात निवड दिसली. मग मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं आली.

पण त्या कपाटात काय ठेवायचं, हे मोठ्यांनीच ठरवलं होतं ना! मूल तीच दट्ट्यांची फळी (लाकडी फळीतल्या खाचांत मापाचे दट्टे बसवायचं साहित्य) विसाव्यांदा भरतं, तेव्हा 'आता दुसरं घे' म्हणायचा मोह आवरणं फार अवघड. मला तर शिकवण्यापेक्षा ते थांबणंच कठीण गेलं. मारामारी, धोका, वस्तूंची मोडतोड असेल तर मात्र लगेच अडवावं, तिथे कल वगैरे बघत बसू नये.