ग्रे नुसता 'उशिरा पोचलेला' नव्हता

वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे पेटंट कार्यालयात दोन तास उशिरा पोचला म्हणून टेलिफोन अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा झाला. १४ फेब्रुवारी १८७६ ला दोघांचेही कागद पोचले हे खरं, पण बेलचा पेटंटसाठी रीतसर अर्ज होता आणि ग्रेचं नुसतं कॅव्हिएट, म्हणजे 'यावर काम चालू आहे' अशी आगाऊ सूचना. घड्याळापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

मला ग्रे आवडतो तो त्याच्या न्हाणीघरामुळे. १८७४ साली त्याचा भाचा तिथे इंडक्शन कॉइलशी, म्हणजे विजेचे झटके देणाऱ्या, गुणगुणणाऱ्या तारेच्या वेटोळ्याशी खेळत होता. तारेचं एक टोक टबच्या जस्ती पत्र्याला, दुसरं हातात. ओला हात पत्र्यावर घासला की कॉइलच्याच सुरात गुणगुण ऐकू यायची! ग्रेने तो धागा पकडला आणि तारेतून सूर पाठवणारं यंत्र बनवलं.

बाकी तो अगदीच उपेक्षित नव्हता हो. त्याने भागीदारीत काढलेल्या तारयंत्रांच्या कारखान्याची पुढे वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी झाली आणि गंमत बघा, १८८१ मध्ये ती बेलच्याच कंपनीने ताब्यात घेतली. हस्ताक्षर तारेने पाठवणारा टेलऑटोग्राफही त्याचाच, १८८८ चा.